चालत नसली तरी चालेल

तिसरी रांग,
१४ ऑक्टोबर

प्रिय मारिएल,

पाकिटावरचा पत्ता तुझ्या भाचीच्या, नादिनच्या हातचा आहे. मीच तिला लिहायला लावला. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच शेगडीत टाकशील अशी भीती वाटली. म्हणजे पत्र सुरू होण्याआधीच एक लबाडी झाली. होऊ दे. आतलं सगळं खरं आहे. ते लिहायला मी तीन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. शेडमध्ये दोन यंत्रं पोट उघडून पडली आहेत आणि त्यांचे मालक रोज दारावरून जाताना भोंगा वाजवताहेत. वाजवू देत. बर्फाला अजून तीन आठवडे आहेत.

नादिन परवा आली तीच सांगत, "रोझेरकाका, आत्या येतेय. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. बाबांच्या घरात राहायला, कायमची." हातातला पाना सुटून माझ्याच पायावर पडला आणि मी तिच्यादेखत नको ते बोललो. ती हसली. मग जरा घुटमळली आणि म्हणाली, "तिची एकच अट आहे. घराची वाट साफ करायला कुणीही आलेलं चालेल म्हणाली. रोझेर सोडून." मी म्हटलं, "रास्त आहे." तशी ती उसळली, "रास्त काय रास्त! चाळीस वर्षं झाली. तुमचं नक्की बिनसलं कशावरून, ते तरी सांगा एकदा. बाबांना विचारलं की नुसते हसायचे." मी तिला कॉफी दिली आणि तिच्या नवऱ्याच्या पाठदुखीची चौकशी केली. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, ते तुला ठाऊकच आहे.

पण मारिएल, तुझी अट पाळायची कशी, ते सांग. रस्त्यापासून तुमच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत साठ पावलं. गेल्या साली फेब्रुवारीत तिथे खिडकीच्या वर बर्फ होता. तुझा खुबा तुला त्यातून नेणार नाही. बरं, दुसरा कुणी बोलावशील तर तो जे यंत्र घेऊन येईल ते माझ्याच हाताखालून गेलेलं असणार. आपल्या या रस्त्यावर, सगळ्या तिसऱ्या रांगेत, माझ्या शेडचं तोंड न पाहिलेली बर्फ उडवणारी एकही फुंकणारी उरलेली नाही. शेजारच्या गोदेंचा ट्रॅक्टर होता, तर त्या म्हाताऱ्याने तो विकून टाकला आणि आता तोही माझ्याच दारात उभा असतो. म्हणजे रोझेर नको म्हणालीस तरी रोझेर टळत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, गाऱ्हाणं म्हणूनच सांगतोय. तू येऊन त्या घराला कुलूप लावून पुन्हा शहरात, त्र्वा-रिव्हिएरला गेलीस तर ती माझ्यामुळे गेलीस असं होईल, आणि ते एकदा झालंय. दुसऱ्यांदा मला सोसवणार नाही. म्हणून तू येण्याआधी तुझ्याशी बोलायचंय. ऐकून झाल्यावर मला दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव.

आधी माझं काय चाललंय ते सांगतो, म्हणजे मुद्द्यावर यायला जरा धीर येईल. मी जुन्या फुंकणाऱ्या घेतो, दुरुस्त करतो आणि पुन्हा लोकांच्या दारी पाठवतो. सहकारी दुकानातून सुटलो त्याला बारा वर्षं झाली, पण हे त्याच्या आधीपासून चालू आहे. मे महिना आला की लोकांना फुंकणारी डोळ्यांसमोर नको होते. बायकोला गोठ्यामागे टाकलेली दिसते, "तो सांगाडा हलवा आधी," म्हणून ती मागे लागते, की नवरा तो सांगाडा माझ्याकडे आणतो. प्रत्येकाचं म्हणणं एकच: "काही झालेलं नाही रे तिला, गेल्या साली मस्त चालत होती." टाकीतलं पेट्रोल आदल्या उन्हाळ्यापासून तसंच ठेवलेलं, त्याचा कार्बोरेटरमध्ये काकवीसारखा गाळ झालेला. इंजिनाच्या टोपाखाली उंदरांचं बिऱ्हाड. एकदा त्या घरट्यात पाद्रीबुवांच्या हातमोज्याची लोकर निघाली आणि सबंध गावाने आठवडाभर तर्क लढवले. मी सगळं खोलतो, रॉकेलमध्ये भिजवतो, घासतो, गंजलेली पाती आसावरून ठोकून काढतो, पट्टे बदलतो, रंग देतो. बर्फ नसतो तेव्हा परीक्षा घ्यायची कशी? तर सॉमिलमधून ओला भुसा आणून त्याचा ढीग करायचा नि यंत्र त्यात घुसवायचं. सप्टेंबरात एकदा वाऱ्याचा अंदाज चुकला आणि गोदेंच्या सुनेचे वाळत घातलेले पांढरे अभ्रे तपकिरी झाले. ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "रोझेर, तुमच्या त्या फुंकणारीला सांगा, तोंड फिरवून फुंकत जा." मी सगळे अभ्रे धुऊन दिले. इस्त्रीसुद्धा केली.

दोन गोष्टींवर मात्र मी कुणाचं ऐकत नाही. एक म्हणजे काठी. बर्फ फेकणाऱ्या सोंडेत बर्फ अडकला की माणूस वैतागून हात घालतो. इंजिन बंद असलं तरी पट्ट्यात जोर अडलेला असतो, बर्फ सुटला की पाती अर्धा फेरा मारते, आणि बोटांना अर्धा फेरा पुरतो. म्हणून माझ्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला मेपलची एक काठी बांधलेली असते. दुसरी गोष्ट ती मऊ लोखंडाची खीळ. दगड आला की ती तुटते आणि मागचं सगळं वाचतं. आदेलारला ती दर हिवाळ्यात बदलायचा कंटाळा. त्याने तिच्या जागी चांगला कडक बोल्ट ठोकला. खीळ तुटली नाही, दातेरी चाकांची पेटी फुटली. तिचे तुकडे बादलीत घालून घेऊन आला आणि वर मलाच म्हणतो, "तुझ्या यंत्रात दम नाही." नव्वदीला आलाय, पण जीभ अजून तशीच आहे. ती जीभ तू विसरली नसशील. मीही नाही.

आता फेर्नांचं सांगतो. एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा तू दफनाला आलीस, पहिल्या बाकावर बसलीस आणि मी शेवटच्या. तुझी पाठ तेवढी दिसली. केस पांढरे झालेत, मान तशीच ताठ. तुझा भाऊ खुर्चीत बसल्या बसल्या गेला. समोर वाटाण्याचं सूप होतं, अर्धं संपलेलं. नादिन म्हणाली, त्रास झाला नाही. मी त्याच दिवशी सकाळी त्याच्याकडे होतो. आम्ही त्याच्याच फुंकणारीवरून वाद घालत होतो. मी म्हणत होतो इंजिन बदल, तो म्हणत होता, "मी जाईन तेव्हा बदल." मेल्याने शब्द खरा केला. महिन्याभराने नादिनने ते यंत्र माझ्याकडे आणून टाकलं आणि म्हणाली, ठेवा किंवा मोडीत घाला. मी ठेवलं. सबंध उन्हाळा दुसरं काम मागे सारून तेवढं एकच करत होतो. का, ते तेव्हा मलाही धड ठाऊक नव्हतं. तू येणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, तुलाही नसेल. पण हँडल चार बोटं खाली घेतलं. फेर्नां ताडमाड होता, त्याच्यासाठी खाली घ्यायचं कारण नव्हतं. मधे एक आडवा दांडा बसवून त्याला जाड चामडं गुंडाळलं, अंगाचा भार टाकता येईल असा. दोरी ओढायला नको म्हणून बटण लावलं. तू उजव्या हातावर भार घेतेस, म्हणून सोंड फिरवायचा दांडा डावीकडे आणला. सवय बदलली असेल तर कळव, अर्ध्या दिवसाचं काम आहे. सगळ्यात हळू चाल आणखी हळू केली. यंत्र आता तुमच्या पडवीत उभं आहे, टाकी भरलेली, काठी बांधलेली. माझं तोंड बघायचं नसेल तर वाट तुझी तू साफ कर. तुला कुणी तुझ्यासाठी काही केलेलं खपत नाही, हे मी विसरलेलो नाही. तेवढ्यासाठी मला बोलवावं लागू नये एवढंच पाहिलंय.

हं. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तो रविवार. तुला सगळं पाठ असेल, तरी एकदा माझ्या बाजूने ऐक. आपल्या पूर्वजांनी बर्फ उडवणाऱ्या यंत्रालाही फुंकणारी म्हटलं आणि नाटकात पडद्याआडून वाक्यं पुरवणाऱ्या बाईलाही फुंकणारीच म्हटलं. दुसरा शब्द शोधायला त्यांना वेळ झाला नसेल, बर्फ उपसत असतील. तर आपल्या चर्चच्या नाटकमंडळीतली फुंकणारी तू. लहानपणी कुंपणावरून पडून खुबा मोडला आणि चाल कायमची बिघडली, म्हणून तुला रंगमंचावर कुणी घेतलं नाही आणि पडद्यामागे स्टुलावर बसवलं. प्रत्येकाचं वाक्य तुला येत असे. आणि सगळ्यांत जास्त वाक्यं विसरणारा नट मी. मी वकील झालो होतो, मृत्युपत्र वाचायचं काम. शनिवारी प्रयोग झाला. तू तापातून उठून आली होतीस, घसा बसलेला. मी ऐन मृत्युपत्रात अडकलो आणि तू त्या बसक्या आवाजात इतक्या जोराने वाक्य सांगितलंस की शेवटच्या रांगेतून आदेलार ओरडला, "वकिलापेक्षा फुंकणारीलाच बाहेर आणा!" सगळं सभागृह हसलं. तूही हसलीस, पडद्याआडून ऐकू आलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपली आणि ओव्हिला पाद्रीबुवा नेहमीप्रमाणे आठवड्याच्या सूचना वाचायला लागले. हरवलेला मफलर, कुणाच्या तरी घरचं लग्न, वर्गणी. आणि मग त्याच आवाजात, चष्मा सारखा करत: "रोझेर ब्लँ यांस जुनी फुंकणारी हवी आहे. चालत नसली तरी चालेल. घरी येऊन घेऊन जाईन." मग मागून कुणाला तरी खोकला आला, तो खोकला नव्हता, आणि मग सगळं चर्च फुटलं. पाद्रीबुवा बिचारे कागदाकडे पाहत राहिले. त्यांना काय चुकलं ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही. तू तिसऱ्या बाकावर होतीस. तुझे कान लाल झालेले मला मागून दिसले.

बाहेर पायऱ्यांवर सगळे थांबलेले. प्रार्थनेला उशिरा येणारे लोकसुद्धा त्या दिवशी घरी जायला तयार नव्हते. आदेलार पुढे झाला, "काय रे रोझेर, काल रात्रीच ठरलं वाटतं! घरी घेऊन जाणार म्हणे. उचलून नेणार की घसरगाडीवर?" दुसरा म्हणाला, "जुनी म्हणालास ते बरं नाही केलंस, तिचं वय काय!" त्या वेळी मी काहीही म्हणालो असतो तरी चाललं असतं. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "यंत्र हो, यंत्र! बर्फाचं यंत्र हवंय मला. आणि बायकोच मागायची असती तर धडधाकट नसती का मागितली?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. हसता हसता वळलो तर दोन पायऱ्या वर तू उभी होतीस, फेर्नांचा हात धरून.

मारिएल, त्या वाक्यासाठी मी तुझी माफी मागतो. जिभेला हाड नसतं वगैरे सांगणार नाही, जीभ माझी होती आणि ते वाक्य मला कुणी पुरवलं नव्हतं. चाळीस वर्षांत असा हिवाळा गेला नाही की ते माझ्या कानात वाजलं नाही. लोकांच्या हसण्याची मला इतकी भीती वाटली की मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो आणि तुला एकटीला वर ठेवलं. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण लाजेने माणूस पायऱ्या चढून वर जातो तसा मी गेलो नाही. घरी जाऊन जेवलो.

सोमवारी सकाळी फेर्नांने आमच्या अंगणात ट्रक आणला, मागचं फळकूट पाडलं आणि एक गंजलेलं यंत्र वरून तसंच खाली ढकलून दिलं. धाडकन आवाज झाला, आई बाहेर आली. तो म्हणाला, "घे. यंत्र हवं होतं ना तुला? हे चालत नाही. आता चालवून दाखव." बास, एवढंच. पुढे दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. मी तेव्हा दुकानात बियाण्यांच्या पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हे मला दर वेळी करून बघावं लागे. पण गावाची नजर अंगणात होती. येणारा जाणारा विचारी, "काय, चालायला लागली का तुझी?" न करून सांगतो कुणाला! मी दुरुस्तीचं एक पुस्तक मागवलं, पाने विकत घेतले, आणि दुकानातून आलो की गोठ्यात त्या लोखंडाशी झुंजायला लागलो. पहिल्या महिन्यात मी ते चार वेळा खोललं आणि दर वेळी जोडल्यावर दोन तुकडे उरायचे. आई म्हणायची, "उरलेल्यांचं दुसरं होईल हळूहळू." मी एका नळीत फुंकून बघितलं तेव्हा कुठे कळलं की आतली भोकं बुजलीत. इतकं साधं होतं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी ते सुरू झालं. धूर, आवाज, कोंबड्या सैरावैरा. आदल्या रात्री एप्रिलचा तो शेवटचा मोठा बर्फ पडलेला. आणि आई आतून येऊन म्हणाली, "मारिएल आज चाललीय म्हणे, दहाच्या बसने. छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागलीय." नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. तुमचं घर एक किलोमीटरवर. पळत गेलो असतो तर दहा मिनिटं. पण रिकाम्या हाताने जाऊन काय बोलू हे सुचेना, म्हणून ते यंत्रच घेऊन निघालो, वाट साफ करत, काहीतरी कारण असावं म्हणून. असल्या यंत्राची चाल तुला माहीत आहे, म्हातारी जपमाळ ओढत चालते तशी. मधे दोनदा बंद पडलं, दोनदा सुरू केलं. तुमच्या दारात पोहोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. फेर्नां पायरीवर बसून सिगारेट ओढत होता. मागे सबंध तिसरी रांग साफ झालेली. तो मागच्या त्या वाटेकडे बघून म्हणाला, "वरातीमागून घोडं आणलंस की रे. ये, चहा घे." त्या दिवसापासून तो माझा मित्र झाला, तो गेला तोवर.

नंतर काय, एक दुरुस्त केलं म्हणून दुसरं आलं. नको म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, मग यंत्राचं ते सगळं खोटंच होतं की काय. म्हणून घेत गेलो. पुढे त्यात मन रमलं, हेही खरं. तू लग्न केलंस ते फेर्नांने सांगितलं, नवरा शाळामास्तर आहे, भला माणूस आहे म्हणाला. मला बरं वाटलं आणि आठ दिवस अन्न गेलं नाही, दोन्ही झालं. तुझा नवरा वारल्याचंही फेर्नांनेच सांगितलं, चार वर्षांपूर्वी. मी सडाफटिंगच राहिलो. आई चौऱ्याण्णव वर्षं जगली, तिने बायकोची उणीव भासू दिली नाही, म्हणजे दिवसभर बोलायची. फेर्नां दर नाताळला, मांस भरून भाजलेली टुर्तिएर कापता कापता विचारायचा, "लिहिलंस का रे गाढवा तिला?" मी म्हणायचो, "पुढच्या साली." गेल्या नाताळला मात्र तो सुरी खाली ठेवून म्हणाला, "ती परत आली तर तू सांगशील, की मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगेन. हे त्याला दिलेलं शेवटचं वचन. आणखी एक कबुली इथेच देतो, तू रागावलीस तरी चालेल. माझी सगळी वाक्यं मला पाठ होती. पहिल्या तालमीपासून. सबंध गाव मला मठ्ठ समजत असे, पाद्रीबुवांनी मला स्मरणशक्तीसाठी माशाचं तेल आणून दिलं होतं, आणि मी ते प्यालोही. अडायचो ते एवढ्यासाठी की अडलो की तुझा आवाज यायचा, फक्त माझ्यासाठी, अगदी कानाशी. खरोखर विसरलो तो एकाच दिवशी, त्या शनिवारच्या प्रयोगाला. त्याचं कारण खाली येतंय.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी तालीम संपल्यावर मी तुला घरी सोडायला येत होतो. सहकारी दुकानापाशी मी विचारलं, प्रयोगानंतर नाच आहे, येशील का माझ्याबरोबर? तू हसलीस आणि म्हणालीस, "जुनी फुंकणारी, त्यात चालत नाही. तिला कोण घेऊन जाणार रे घरी?" गंमत म्हणून म्हणालीस, पण तुझा आवाज तसा नव्हता. मला उत्तर सुचलं नाही, तू पुरवणार नव्हतीस, आणि तेवढ्यात तुमचं फाटक आलं. दोन दिवस मी उत्तर शोधलं. ते एका चिठ्ठीवर लिहिलं आणि शुक्रवारी सकाळी चर्चच्या कचेरीत जाऊन तुझ्या टाइपरायटरखाली सरकवून आलो. रविवारचं पत्रक दर शुक्रवारी तूच टाइप करायचीस. जाहिरातीसारखं लिहिलं, म्हणजे दुसऱ्या कुणी पाहिलं तर कळू नये. तुला मात्र खूण पटेल, तू चिठ्ठी खिशात घालशील आणि शनिवारी पडद्याआडून काय ते सांगशील, एवढाच माझा बेत होता. त्या शुक्रवारी तू तापाने फणफणून घरी होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. पत्रक पाद्रीबुवांच्या स्वयंपाकीणबाईंनी टाइप केलं, माझ्या चिठ्ठीसकट. शनिवारी मी सबंध प्रयोगभर पडद्याकडे बघत होतो आणि तू चिठ्ठीबद्दल काहीच बोलत नव्हतीस. तुझी माझ्यापाशी बोललेली गोष्ट मी गावाच्या हसण्यासाठी चव्हाट्यावर टाकली, असंच तुला इतकी वर्षं वाटत असणार, आणि पायऱ्यांवरच्या माझ्या वाक्यानंतर दुसरं काय वाटणार? तसं नव्हतं, मारिएल. आम्हाला यंत्र नकोच होतं. आमच्या अंगणात गोदेंचा ट्रॅक्टर यायचा. त्या रविवारी आई गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "आपल्याला कशाला रे यंत्र?" आणि माझ्या तोंडाकडे पाहून पुन्हा कधी विचारलं नाही. एक खोटं खरं करून दाखवण्यापायी मी चाळीस वर्षं लोकांच्या फुंकणाऱ्या दुरुस्त करत बसलो. खरं होतं ते इतकंच की मला तुझ्याशी लग्न करायचं होतं, तू होतीस तशी, आणि मी ते चिठ्ठीआड लपून विचारलं. आता लपत नाही. तू येशील त्या शनिवारी दुपारी दोनला मी तुझ्या दारात येणार आहे आणि तेच तुला तोंडाने विचारणार आहे. गुडघा धरतो, ऐकायला कमी येतं, सकाळी अर्धा तास मी कुणाशी धड बोलत नाही, हेही त्यात धर. हो म्हण, नाही म्हण, दार लावून घे, तुझा हक्क आहे. पण नादिन किंवा आदेलार किंवा आणखी कुणी कधी तर्क लढवून तुझ्या कानावर घालण्याआधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, एकटीला, म्हणून लिहिलं.

तुझाच, आणि या वेळी यात गंमत नाही,
रोझेर